युजरॲड केलं, पण घर कुठंय? (डिस्ट्रो-निरपेक्ष परीक्षेचा गुंता)

काळी खिडकी (धागाकर्ती)

मंडळी, नमस्कार. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, आणि तोही स्वतःची फजिती सांगायला.

मी कॉलेजात सिस्टिम ॲडमिनचं प्रॅक्टिकल घेते. आमच्या भागातल्या चार-पाच कॉलेजांनी मिळून लिनक्सची एक सामाईक परीक्षा घ्यायचं ठरवलंय. अट एकच, ती कुठल्याही कंपनीच्या दावणीला बांधलेली नको. पेपर काढायला समिती नेमली आणि समितीत मी अडकले. सराव म्हणून साधासा प्रश्न दिला: ‘सविता’ नावाची युजर बनवा आणि तिच्या होम डिरेक्टरीत (म्हणजे तिच्या स्वतःच्या फोल्डरात, तिच्या ‘घरात’) अमुक फाइल ठेवा. पाच मार्क, डोळे मिटून मिळावेत असे.

आमच्या लॅबमध्ये निम्म्या मशीनवर उबुंटू आहे, निम्म्यांवर अल्मा. (दोन्ही लिनक्सचेच डिस्ट्रो, म्हणजे वेगवेगळे अवतार.) पोरांनी सगळीकडे एकच कमांड दिली, ‘युजरॲड सविता’. अल्मावाल्यांची फाइल गुपचूप जागेवर बसली. उबुंटूवाल्यांना उत्तर मिळालं की अशी डिरेक्टरीच नाही. कारण तुम्हाला माहीतच असेल. रेड हॅटच्या घराण्यात (अल्मा त्यातलंच) लॉगिन-डेफ्स फाइलमध्ये ‘होम बनवा’ला आधीच ‘हो’ लिहिलेलं असतं. डेबियनच्या घराण्यात (उबुंटू त्यातलं) ‘-एम’ लावल्याशिवाय युजरॲड कुणाला घर बांधून देत नाही. मलाही माहीत होतं हो! पण पेपर काढताना मी अल्माच्या मशीनसमोर बसले होते. “मॅडम, आमचे पाच मार्क खुर्चीने खाल्ले,” असं एक पोरगी म्हणाली. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता समितीत तीन तट पडलेत. पहिला म्हणतो, एक डिस्ट्रो ठरवा आणि मोकळे व्हा. दुसरा म्हणतो, जे सगळीकडे सारखं आहे तेवढंच विचारा. तिसरा म्हणतो, दोन्हीकडचं विचारा, पोरं करतील पाठ. मला तिन्ही थोडे थोडे पटतात, म्हणजे एकही पटत नाही. ज्यांनी अशा परीक्षा दिल्यात किंवा काढल्यात त्यांनी बोला.

(कमांड देवनागरीत लिहिल्यात. टर्मिनलवर तशाच टाकून ‘चालत नाही’ म्हणून प्रतिसाद देऊ नये, हलके घ्या.)

जुना रूट

ताई, तुमचा तिसरा तट म्हणजे एलपीआयसी-१, लिनक्सची प्रमाणपत्र परीक्षा. मी दिलीय, म्हणून सांगतो.

लिनक्स प्रोफेशनल इन्स्टिट्यूट १९९९ साली कॅनडात उभी राहिली, ना-नफा संस्था म्हणून. तेव्हा रेड हॅटचं स्वतःचं प्रमाणपत्र निघालेलं होतं आणि ‘कंपनीबाहेरचं काहीतरी हवं’ ही ओरड होती. त्यांची पद्धत बघा. दोन पेपर, १०१ आणि १०२. प्रत्येकी ६० प्रश्न, ९० मिनिटं. गुण २०० ते ८०० च्या पट्टीवर, पास व्हायला ५००. प्रत्येक घटकाला वजन असतं आणि वजन जितकं, साधारण तितके प्रश्न.

१०१ च्या पेपरात डेबियनच्या पॅकेजांना वजन ३ आणि रेड हॅटकडच्या आरपीएम-यम पॅकेजांना वजन ३. तराजू अगदी बरोब्बर. कुणाच्या बाजूला एक ग्रॅम जास्त नाही. पण गंमत पुढे आहे. जीएनयू आणि युनिक्सच्या कमांड, म्हणजे ग्रेप, सेड, पाइप, प्रोसेस, व्हीआय, या गठ्ठ्याला ६० पैकी २६. म्हणजे तुमचा दुसरा तटही त्यांनी आत घेतलाय. पेपराचा कणा सामाईक गोष्टींचा ठेवायचा, आणि जिथे फाटा फुटतो तिथे दोन्ही फाटे मोजून मापून ठेवायचे.

वाईट वाटलं ते एवढंच की मी अख्खं आयुष्य बँकेच्या रेड हॅट सर्व्हरवर काढलं आणि ‘डीपीकेजी’ या डेबियनच्या पॅकेज कमांडचा छोटा एस कशाला, मोठा एस कशाला हे परीक्षेच्या आदल्या रात्री घोकत बसलो. छोटा एस पॅकेजची स्थिती सांगतो, मोठा एस फाइल कुठल्या पॅकेजची ते शोधतो. परीक्षा झाली आणि विसरलो. आत्ता लिहिताना पुन्हा तपासून घेतलं.

पुरावा आणा

जुने रूट, तुमच्या शेवटच्या परिच्छेदाने तुमचाच मुद्दा खोडला की. आदल्या रात्री घोकलं, दुसऱ्या दिवशी विसरलात, प्रमाणपत्र मात्र पाच वर्षं भिंतीवर. ही कसली निष्पक्षता?

मला रेड हॅटची पद्धत प्रामाणिक वाटते. मशीन समोर ठेवतात आणि हे करून दाखवा म्हणतात. कुठल्या लिनक्सवर, हे आधीच ठाऊक असतं. मशीन रीबूट झाल्यावर केलेलं टिकलं नाही तर मार्क नाहीत. ‘सर्वांसाठी’ म्हणवणारी परीक्षा शेवटी कुणाचीच नसते. एक डिस्ट्रो ठरवा आणि तसं कपाळावर लिहा. विषय संपला.

एकच टॅब

मी त्या ‘पोरां’पैकी. (ताईंच्या कॉलेजातला नाही.) लॅपटॉपवर विंडोजच्या पोटातलं उबुंटू, कॉलेजात उबुंटू, आणि इंटर्नशिपला गेलो तर सगळं अल्मा. पहिल्या दिवशी ‘ॲप्ट’ (उबुंटूची पॅकेज कमांड) टाइप केलं आणि शेजारचे दादा हसले. एक डिस्ट्रो ठरवणाऱ्यांनी कुठलं ठरवणार तेही सांगावं.

मोजपट्टी

मी काही वर्षं परीक्षा बनवणाऱ्या एका कंपनीत काढली आहेत, लिनक्स हा माझा प्रांत नाही. पण काळी खिडकींच्या पोरीने जे म्हटलं ना, ‘आमचे पाच मार्क खुर्चीने खाल्ले’, त्यावर आमच्या धंद्यात अख्खं शास्त्र आहे, म्हणून राहवलं नाही.

पास होण्याची रेघ कुठे मारायची हे ठरवायला आम्ही दहाबारा जाणकार एका खोलीत बसवतो. प्रत्येक प्रश्न दाखवून विचारतो: जेमतेम पास व्हायच्या लायकीचे शंभर उमेदवार आले, तर यातले किती जण हा सोडवतील? प्रत्येकाचा आकडा लिहून घ्यायचा, मग चर्चा, मग पुन्हा आकडा. त्यांच्या सरासरीवरून रेघ ठरते. अँगॉफ पद्धत म्हणतात. आता त्या खोलीत दहापैकी नऊ जण रेड हॅटवाले असले तर काय होईल? ‘अपाची वेब सर्व्हरच्या सर्व्हिसचं नाव काय’ याला ते सहज ९० म्हणणार, कारण त्यांच्याकडे ते ‘एचटीटीपीडी’च असतं. डेबियनच्या गल्लीत तेच ‘अपाची२’. म्हणजे प्रश्न लिहिण्याच्याही आधी, खोलीत कोण बसलंय इथेच पक्षपात सुरू होतो. तुमच्या समितीत कोण कशावर काम करतं ते आधी मोजा.

दुसरं, सरावपरीक्षा झाल्यावर एक तपासणी करा. एकूण गुण जवळपास सारखे असलेली पोरं घ्या, त्यांचे उबुंटूवाले आणि अल्मावाले असे दोन गट पाडा. मग एकेक प्रश्न बघा. एरवी बरोबरीचे असलेले दोन गट एखाद्याच प्रश्नावर लांब पडले, तर तो प्रश्न लिनक्स मोजत नाही, खुर्ची मोजतो. सविताचं घर हा त्याचा पाठ्यपुस्तकात छापावा असा नमुना आहे.

आणि ‘पुरावा आणा’, एका डिस्ट्रोची परीक्षा सोपी आणि स्वच्छ असते हे खरंच. फक्त मग तिला निरपेक्ष म्हणू नका. ताईंची अट तीच होती.

जुना रूट

मोजपट्टी, हा प्रतिसाद छापून समितीच्या टेबलावर ठेवला पाहिजे. आता अजून एक वाट सांगतो, कारण कुणीतरी म्हणेलच की उमेदवारालाच निवडू द्या.

लिनक्स फाउंडेशनने नेमकं ते केलं होतं. २०१४ च्या ऑगस्टमध्ये एलएफसीएस हे त्यांचं प्रमाणपत्र निघालं. हातांनी करून दाखवायची परीक्षा, घरबसल्या, कॅमेऱ्यासमोर. उमेदवाराने सेंटओएस, ओपनसुसे किंवा उबुंटू यांतलं एक निवडायचं. वाचताना किती गोड वाटतं! पुढे ही निवड त्यांनी काढून टाकली.

मोजपट्टी

काढावीच लागते. तीन डिस्ट्रो म्हणजे एका नावाखाली तीन परीक्षा. तिन्ही तितक्याच अवघड आहेत हे दरवेळी सिद्ध करत बसायचं, तपासणी तिप्पट, डिस्ट्रोची नवी आवृत्ती आली की पुन्हा पहिल्यापासून. शिवाय नोकरी देणाऱ्याला कागदावरून काय कळणार?

न्यूर्नबर्गचा नाना

कामाच्या गडबडीत आज वाचलं. तुम्ही सगळे मिळून लिनक्सचे दोनच पक्ष असल्यासारखे बोलताय, म्हणून ज्या गावात सुसे या तिसऱ्या डिस्ट्रोचं मोठं ऑफिस आहे तिथून निषेध नोंदवतो.

अपाची कुठल्या युजरच्या नावाने चालतो? डेबियनवर ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’, रेड हॅटवर ‘अपाची’, सुसेवर ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूरन’. पॅकेज आरपीएम असलं तरी आणायला यम नाही, झिपर. मुळाची फाइलसिस्टिम रेड हॅट ७ पासून एक्सएफएस, डेबियन-उबुंटूत ईएक्सटी४, आमच्याकडे बीटीआरएफएस. ‘आरपीएमवाले’ म्हणून एकच खोका केलात तर मी त्यात मावत नाही.

एक जुनी आठवण. हे सगळं एकसारखं करायचा प्रयत्न झाला होता, लिनक्स स्टँडर्ड बेस नावाने. त्यात पॅकेजचं स्वरूप आरपीएम ठरवलं. मग डेबियनने ‘एलियन’ नावाच्या अवजारातून आरपीएम स्वतःत उतरवून घ्यावं, असा तोडगा. २०१५ मध्ये डेबियनने त्या मानकातून जवळपास अंग काढूनच घेतलं. सगळ्यांचं मिळून बनवलेलं मानकही एका घराण्याची बोली बोलत होतं. परीक्षावाल्यांनी काय ते समजून घ्यावं.

पुरावा आणा

नाना, मुद्दा मान्य. पण माझी शंका वेगळीच वाढली. तुम्ही सगळे डिस्ट्रो-डिस्ट्रोतला फरक मोजताय. त्याच डिस्ट्रोच्या दोन आवृत्त्यांत याहून मोठं अंतर पडतं.

रेड हॅट ६ वर शिकलेला माणूस ७ वर आला (२०१४), तर बूट व्हायची पद्धत बदललेली, सर्व्हिसा चालवायला सिस्टिमडी आलेलं, साध्या युजरचा आकडा ५०० ऐवजी १००० पासून सुरू. ८ वर यम हे नुसतं नाव उरलं, आत डीएनएफ. नेटवर्कच्या आयएफसीएफजी फाइली आम्ही वर्षानुवर्षं हातांनी लिहिल्या. ९ मध्ये नवी जोडणी नेटवर्कमॅनेजरच्या फाइलीत जायला लागली आणि १० मध्ये आयएफसीएफजीचा आधारच काढला. डेबियनवाल्यांनी हसू नये. १२ पासून (२०२३) नव्या इन्स्टॉलमध्ये आरसिसलॉग (लॉगच्या फाइली लिहिणारा प्रोग्राम) आपोआप येत नाही. ‘चुकलेले लॉगिन कुठे दिसतात’ याला ‘ऑथ-लॉग’ हे उत्तर पाठ करून गेलेल्या पोराला ती फाइलच सापडणार नाही, सगळं जर्नलमध्ये.

आणि एलपीआयसी-१ ची पाचवी आवृत्ती २०१८ च्या ऑक्टोबरची. म्हणजे रेड हॅट ८ च्याही आधीची. मग सांगा, तराजूत दोन्हीकडे तीन-तीन वजनं ठेवून उपयोग काय, वजनंच जुन्या बाजारातली असतील तर?

जुना रूट

याला ‘पुरावा’ म्हणायचं, बरं का मंडळी. सहमत. आणि सेंटओएस विसरलात. २०२० च्या डिसेंबरमध्ये जाहीर केलं की सेंटओएस ८ पुढच्या वर्षअखेर बंद. ‘फुकटातलं रेड हॅट’ म्हणून ज्यांनी लॅब, पुस्तकं, परीक्षा त्यावर बेतल्या होत्या, त्या सगळ्यांच्या पायाखालची सतरंजी गेली. ताईंच्या लॅबमध्ये अल्मा आहे ते त्याच धक्क्याचं बाळ. एक डिस्ट्रो ठरवा म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. डिस्ट्रो तुम्ही ठरवाल, तिचं आयुष्य दुसराच ठरवतो.

बुटका डबा

वाचतोय, मजा येतेय. पण ‘सामाईक गोष्टी’ नावाचं जे सुरक्षित बेट तुम्ही गृहीत धरलंय, तेही बुडतंय. मी दिवसभर कंटेनरमध्ये असतो.

सविताचं उदाहरण अल्पाइनवर (कंटेनरमध्ये चालणारं छोटं डिस्ट्रो) चालवून बघा. ‘युजरॲड’ तिथे नसतंच, ते वेगळं पॅकेज टाकून आणावं लागतं. ‘ॲडयुजर’ असतं, पण ते बिझीबॉक्सचं, म्हणजे एकाच छोट्या प्रोग्राममध्ये कोंबलेल्या कमांडपैकी. तेच नाव रेड हॅटवर युजरॲडचंच दुसरं दार आहे, डेबियनवर ती पर्लमध्ये लिहिलेली गप्पिष्ट स्क्रिप्ट आहे, जी नाव-फोन विचारत बसते. नाव एक, वंश तीन. ग्रेपला ‘-मोठा पी’ लावा, बिझीबॉक्स ओळखत नाही.

आणि सगळ्यांत कपटी जागा म्हणजे बिन-एसएच, स्क्रिप्ट चालवणारं शेल. रेड हॅटवर त्यामागे बॅश आहे. उबुंटूने २००६ मध्ये ६.१० पासून तिथे डॅश बसवलं, डेबियनही पुढे त्याच वाटेने गेलं. अल्पाइनवर ॲश. पहिल्या ओळीत बिन-एसएच लिहून आत दुहेरी चौकटी कंस वापरले की बॅशवर गाडी पळते, डॅशवर आपटते. ‘शेल स्क्रिप्ट सगळीकडे सारखीच’ म्हणणाऱ्याने हे एकदा करून बघावं. भरीस भर, उबुंटू २५.१० मध्ये एलएस, डेट वगैरे मूळ अवजारंच रस्टमध्ये लिहिलेली आली आहेत. म्हणजे २६ वजनाचा तो कणासुद्धा आता एकाच कारखान्याचा राहिलेला नाही.

काळी खिडकी

बाप रे. दोन दिवस धाग्याकडे बघितलं नाही तर इथे वर्ग भरला.

मोजपट्टींचं ऐकून समितीची शिरगणती केली. सात जण. पाच उबुंटू-डेबियन, दोन रेड हॅट, सुसे शून्य (नाना, माफ करा). आणि मजा म्हणजे ‘फक्त सामाईक विचारा’ म्हणणारे चौघंही उबुंटूवाले. त्यांच्या ‘सामाईक’च्या यादीत (ॲडमिनचे अधिकार देणारा) सुडो नावाचा ग्रुप होता! अल्मावर त्या कामाला ‘व्हील’ असतो. आपलं घर ते सगळ्यांचं घर, असं झालं.

तर आता मी म्हणते की फरक लपवायचा नाही आणि पाठही करून घ्यायचा नाही. फरक प्रश्नातच मांडायचा. तीन प्रश्न टाकते, चिरफाड करा.

एक: ‘अपाची पुन्हा सुरू करण्याची कमांड लिहा.’ (जुना, रद्द करायचाय.)

दोन: ‘तुम्हाला अनोळखी मशीनवर बसवलं आहे. ते कुठल्या घराण्याचं आहे, त्यावर वेब सर्व्हर कुठल्या नावाने चालतो, आणि त्याची मुख्य कॉन्फिग फाइल कुठल्या पॅकेजमधून आली हे शोधा. तिन्ही उत्तरं एका फाइलीत लिहा.’

तीन: ‘सविता ही युजर बनवा. तिची होम डिरेक्टरी असलीच पाहिजे आणि ती तिच्याच मालकीची हवी.’

न्यूर्नबर्गचा नाना

माफ केलं. दुसरा प्रश्न फार आवडला. एट्सीतली ‘ओएस-रिलीज’ फाइल वाचली की घराणं कळतं, आणि त्यात ‘आयडी-लाइक’ नावाची ओळ असते तिच्यात बऱ्याचदा पूर्वजांची नावंही असतात. अल्मात तिथे रेड हॅट, सेंटओएस, फेडोरा दिसतात. पोरांनी ती ओळ वाचून पुढची वाट स्वतः काढली, तर ते शिकले असं म्हणेन. सी-डॅकचं बॉस लिनक्स दिलं तरी असा पोरगा अडणार नाही, ते डेबियनवरच बेतलेलं आहे.

पुरावा आणा

दुसऱ्या प्रश्नाला माझाही होकार. मी हरलो असं कुणी समजू नये. पण ‘शोधा’ म्हणताय, तर मॅन पानं (मशीनवरच असलेली कमांडची माहिती) उघडू द्याल ना? परीक्षेत मॅन बंद ठेवून ‘शोधा’ म्हणणं म्हणजे विहिरीवर झाकण ठेवून पाणी काढ म्हणणं.

काळी खिडकी

मॅन चालू. इंटरनेट बंद. यावर समितीत दीड तास भांडण झालं, पण पास झालं.

मोजपट्टी

तिसऱ्या प्रश्नात तुम्ही कमांड न मागता परिणाम मागितलात, हे सगळ्यांत महत्त्वाचं. ‘-एम’ लावलं काय, ॲडयुजर वापरलं काय, हातांनी डिरेक्टरी बनवून मालक बदलला काय, घर असलं की मार्क. कॉम्पटियाच्या लिनक्स-प्लसमध्ये असे करून दाखवायचे प्रश्न असतात, तिथेही शेवटची स्थिती बघणं सोपं पडतं. रिकाम्या जागा भरायच्या प्रश्नांत मात्र जपा. ‘सर्व्हिसचं नाव लिहा’ म्हटलं की एसएसएच आणि एसएसएचडी, क्रॉन आणि क्रॉनडी, दोन्ही बरोबर धरणारी यादी आधीच बनवून ठेवावी लागते.

एकच टॅब

ताई, तुमच्या कॉलेजात प्रवेश मिळेल का?

जुना रूट

अवांतर: त्या यादीत माझ्यासारख्यांनी सवयीने लिहिलेलं ‘सर्व्हिस एचटीटीपीडी रीस्टार्ट’ही धरा हो. अजून चालतं ते.

काळी खिडकी

धाग्याचा शेवट गोड व्हावा म्हणून थांबले होते, पण खरं तेच सांगते.

काल नव्या तीन प्रश्नांची सरावपरीक्षा घेतली. तपासायला स्क्रिप्ट लिहिली होती, माझीच. निकाल आला. अल्मावरची बावीसपैकी एकोणीस पोरं पास. उबुंटूवरची बावीसपैकी शून्य. खुर्चीने पुन्हा मार्क खाल्ले असं वाटून पोटात गोळा आला. एका मशीनवर जाऊन पाहिलं तर सविताचं घर आहे, मालकीही तिचीच, सगळं ठीक.

मग स्क्रिप्ट उघडली. पहिल्या ओळीत बिन-एसएच. चौथ्या ओळीत दुहेरी चौकटी कंस.

बुटका डबा

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

बुटका डबा

नाही, लिहितोच. ताई, मी हे दहाव्या प्रतिसादाच्या आसपास लिहिलं होतं.

काळी खिडकी

वाचलं होतं रे. मान पण डोलावली होती. पहिली ओळ बदलून पुन्हा चालवलीय. उबुंटूची सतरा पास.